क्रमांकाचा आग्रह किती धरावा ?



शाळेंत प्रवेश मिळाला म्हणजे तुमचें नांव जनरल रजिस्टरांत चढतें व त्यापुढें एक क्रमांक पडतो. दोघांचीं नांवें सारखीं असूं शकतात. क्रमांक मात्र सारखा असतां कामा नये. मी पूर्वीं ज्या एका शाळेंत शिक्षक होतों, तेथें प्रवेशाच्या गर्दीच्या दिवशीं दोन मेजांवर दोन कारकून बसविले होते. दोघांनींही रजिस्टरांतील शेवटचा आंकडा पाहून त्यापुढील आंकडा आपापल्या कागदावर लिहिला, आणि एकच क्रमांक दोन मुलांच्या वांट्यास आला. शाळा सोडल्याचा दाखला काढण्याची वेळ आली तेव्हां एकाच्या दाखल्यावर दुसऱ्याची जन्मतारीख पडली. ती दुरुस्त होईपर्यंत पुढील प्रवेशाची मुदत टळली व निरपराध मुलाचें एक वर्ष वायां गेलें.

त्या दोन मेजांच्या जागीं शेंकडों संगणक आहेत अशी कल्पना करा. मोठ्या कारभारांत पुष्कळ संगणक मिळून एकच काम करितात; अशा समूहास क्लस्टर म्हणतात. त्यांतील प्रत्येकास दर क्षणीं नव्या नोंदीस क्रमांक द्यावा लागतो. तो कोणीं व कसा द्यावा ? माझें मत असें कीं, क्रमांक अद्वितीय असावा हा आग्रह कधींही सोडूं नये. परंतु तो एकही आंकडा न गळतां ओळीनें यावा, हा आग्रह मात्र गरज पाहूनच धरावा.

सर्वांस प्रथम सुचणारा उपाय म्हणजे एकाच यंत्राकडे मोजणी सोंपविणें. त्यानें १, २, ३ असे आंकडे देत जावें व इतरांनीं ते मागून घ्यावे. आमच्या संगणकवर्गांतील मुलें बहुधा हाच उपाय सांगतात, आणि लहान कामास तो उत्तमही आहे. परंतु प्रत्येक नोंदीसाठीं त्या एकाच दारीं जावें लागलें म्हणजे तेथें रांग लागते. आणि तें यंत्र बंद पडलें कीं सर्वांचेंच काम थांबतें.

दुसरा उपाय वांटणीचा. मुख्य यंत्रानें एकास १ ते १०००, दुसऱ्यास १००१ ते २००० असे गट आगाऊ द्यावे. मग हजार नोंदींमागें एकदांच विचारावें लागतें. फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळानें याच्याच जवळची युक्ति केली होती: दोन यंत्रांपैकीं एकानें विषम व दुसऱ्यानें सम आंकडे द्यावयाचे. एक बंद पडलें तरी दुसऱ्यावर काम चालावें, हा हेतु. वांटणीच्या पद्धतींत कांहीं आंकडे गळतात, व मोठा आंकडा लहानाच्या आधींही दिला जातो. पण एकच आंकडा दोघांस जात नाहीं.

२०१० सालीं ट्विटर कंपनीनें ‘स्नोफ्लेक’ नांवाची रीति प्रसिद्ध केली. तींत ६४ बिटांच्या आंकड्याचा पहिला बिट मोकळा ठेवून पुढील ४१ बिटांत मिलिसेकंदांत मोजलेली वेळ, १० बिटांत यंत्राचा स्वतःचा क्रमांक, व उरलेल्या १२ बिटांत त्या मिलिसेकंदांतील अनुक्रम लिहितात. अशा रीतीनें १०२४ यंत्रें एकमेकांस न विचारतां प्रत्येकीं एका मिलिसेकंदांत ४०९६ क्रमांक देऊं शकतात, आणि वेळेचा सांठा सुमारें ६९ वर्षें पुरतो. वेळ अग्रभागीं असल्यामुळें क्रमांक साधारणतः कालक्रमानें लागतात. २०२४ सालीं यू.यू.आय.डी. या १२८ बिटांच्या ओळखक्रमांकाच्या प्रमाणांत जो सातवा प्रकार आला, त्यांतही आरंभीं ४८ बिटांची वेळच घातली आहे.

‘साधारणतः’ हा शब्द मीं मुद्दाम योजिला आहे. दोन यंत्रांचीं घड्याळें तंतोतंत मिळत नाहींत. लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं १९७८ सालींच दाखवून दिलें कीं, दूर असलेल्या यंत्रांवरील दोन घटनांमध्यें निरोपाचा कोणताही संबंध नसेल, तर आधींची कोणती हें निश्चित सांगतां येत नाहीं. शिवाय एखादें घड्याळ दुरुस्त करतांना मागें सरकलें, तर दिलेला क्रमांक पुन्हां दिला जाण्याचें भय असतें. अशा वेळीं स्नोफ्लेकचें यंत्र वेळ पुन्हां गांठली जाईपर्यंत क्रमांक देण्यासच नकार देतें. हा नकार मला फार योग्य वाटतो. क्षणभर काम थांबलेलें बरें, परंतु खोटा क्रमांक नको.

कोणी म्हणतील, ‘मधला आंकडा गळाला तर हिशेबांत लबाडी झाली असा संशय येईल.’ पैशाच्या व्यवहारांत ही शंका रास्त आहे. पण तेथेंही सर्व देशास एकच वही लागत नाहीं. वस्तु व सेवा कराच्या २०१७ च्या नियमांत बिलास ओळीनें क्रमांक मागितला आहे. तथापि एकाहून अधिक मालिका ठेवण्याची मोकळीकही त्याच नियमानें दिली आहे. प्रत्येक दुकानानें आपली मालिका अखंड राखावी म्हणजे झालें. जेथें असा हिशेब द्यावयाचा नाहीं, तेथें गळलेल्या आंकड्यानें कोणाचेंही नुकसान होत नाहीं.

त्या शाळेंत एका कारकुनास ४०१ ते ४५० व दुसऱ्यास ४५१ ते ५०० असे आंकडे सकाळींच दिले असते, तर सायंकाळीं फार तर दहापांच आंकडे कोरे राहिले असते. ओळीची शोभा थोडी बिघडली असती. त्या मुलाचें वर्ष मात्र वांचलें असतें. तुमच्यापैकीं जे उद्यां अशीं यंत्रें चालवितील, त्यांनीं प्रत्येक क्रमांकामागें एक मनुष्य उभा आहे हें स्मरणांत ठेवावें, व ओळीच्या शोभेपेक्षां त्याची ओळख अधिक जपावी, इतकेंच माझें सांगणें आहे.