फुरसतीची वेळ : अक्षांश-रेखांशांचा लपंडाव

सुट्ट्या जवळ आल्या की या पानाकडे एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येते : मुले मोबाईल सोडत नाहीत. मोबाईल काढून घ्या, हे सांगणे सोपे आहे. काढून घेतल्यावर दहा-बारा वर्षांचे मूल दिवसभर काय करील, हे मात्र सांगणारा सांगत नाही. म्हणून या वेळी अशा एका छंदाविषयी लिहितो, ज्यात मोबाईल हातात असतो, पण घरात बसून चालत नाही.

छंदाचे नाव जिओकॅचिंग. एकाने कुठेतरी एक डबी लपवायची, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि बाकीच्यांनी ती शोधायची. डबीत एक छोटी वही असते. सापडली की वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तिथेच, होती तशीच ठेवायची. काही डब्यांत खेळणी, बिल्ले, नाणी अशा किरकोळ वस्तू असतात. त्यांतली एखादी घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची, हा रिवाज. खाण्याचे पदार्थ ठेवायचे नाहीत, जमीन खणून डबी पुरायची नाही. एवढेच नियम मुलांना पुरतात.

याची सुरुवात फार जुनी नाही. अमेरिकी सरकार उपग्रहांच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्रावर जागा शंभरेक मीटरने चुकायची. 2 मे 2000 रोजी ही भेसळ बंद झाली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यातल्या डेव्ह अल्मर या गृहस्थांनी जंगलात एक काळी बादली ठेवली, तिच्यात पुस्तके, थोडे पैसे, एक गलोल आणि शेंगदाण्यांचा म्हणावा तर तोही नाही, घेवड्याच्या दाण्यांचा सीलबंद डबा! जागेचे आकडे त्यांनी इंटरनेटवर दिले. तीन दिवसांत दोघांनी बादली शोधून काढली. आज जगभर अशा 30 लाखांहून अधिक डब्या आहेत. तसा या कल्पनेचा पणजोबा इंग्लंडात आहे. डार्टमूरच्या माळावर 1854 मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एका दलदलीच्या जागी बाटली ठेवली होती आणि तिथवर चालत येणारे लोक तिच्यात आपले कार्ड टाकून जात.

खेळतात कोण? अमेरिका आणि जर्मनीत हा कुटुंबांचा आणि निवृत्त जोडप्यांचा खेळ झाला आहे. रविवारी आजी-आजोबा, नातवंडे, सोबत कुत्रा आणि पाठीवर पाण्याची बाटली. आपल्याकडे डब्या फार कमी. ज्यांना हे माहीत आहे ते बहुधा मोठ्या शहरांतले संगणक क्षेत्रातले तरुण किंवा परदेशात राहून आलेले. सोलापुरात याचे नाव घेतले तर दहातले नऊजण ‘काय म्हणालात?’ असेच विचारतील.

आकड्यांवरून जागा ठरवण्याची विद्या मात्र आपल्या घरांना परकी नाही. किबल्याची दिशा काढायची तर आधी आपण कुठे आहोत आणि मक्का कुठे आहे हे आकड्यांत माहीत असावे लागते. अकराव्या शतकात अल-बिरूनी यांनी गझनी शहराचा किबला बिनचूक काढता यावा म्हणून शहरांचे अक्षांश-रेखांश ठरवण्यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. सोलापूरचा हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे : इथून किबला थेट पश्चिमेला नसून पश्चिमेपासून सुमारे 12 अंश उत्तरेकडे झुकलेला आहे. फोनवरचे होकायंत्र घेऊन मुलांना छतावर पाठवा आणि मावळतीच्या रेषेशी ताडून बघायला सांगा. सूर्य बरोबर पश्चिमेला वर्षातून दोनदाच मावळतो, हेही ओघाने निघेल.

आणखी एक नाव मुलांना जरूर सांगावे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हिंदुस्थानची जी मोठी त्रिकोणमितीय मोजणी केली, तिची नाजूक यंत्रे दुरुस्त करून चालती ठेवणारे कारागीर होते अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसैन. मुळात दागिन्यांचे काम करणारे हात. पुढे तेच या खात्याचे अधिकृत उपकरण-निर्माते झाले. मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्ब्टन 1823 मध्ये वर्ध्याजवळ हिंगणघाटला वारले आणि त्यांची कबरही तिथेच आहे.

आता अडचणीचे बोलू. परदेशातला खेळ जसाच्या तसा इथे आणावा असे मला अजिबात वाटत नाही. झाडाच्या ढोलीत किंवा पुलाच्या कठड्याखाली बंद डबी ठेवायची म्हणजे आपल्याकडे ती ‘बेवारस वस्तू’ होते. रेल्वे स्टेशनवर आणि एस.टी. स्टँडवर दिवसभर जी सूचना ऐकू येते तीच. इंग्लंडसारख्या ठिकाणी, जिथे हा खेळ लोकांना ठाऊक आहे, तिथेही 2011 मध्ये वेदरबी गावात कॅफेसमोर ठेवलेली अशी एक डबी बॉम्बनाशक पथकाने उडवली होती. डबीत खेळण्याशिवाय काही नव्हते. इथे संध्याकाळी तीन-चार मुले किल्ल्याच्या भिंतीशी वाकून फोनच्या उजेडात दगडांच्या फटी चाचपत आहेत, असे कुणी पाहिले तर आधी शंका येईल, चौकशी नंतर. आणि त्या मुलांची नावे इम्रान, सलमान असली तर ती शंका किती लांब जाईल, हे आडपडदा ठेवून सांगण्यात अर्थ नाही. ज्या आईला ही भीती वाटते ती उगाच घाबरट नाही. पण या भीतीपायी मुलाने आपले शहर कधी पायी पाहूच नये, हेही मला मान्य नाही.

यावरची सोय खेळातच आहे. जिओकॅचिंगमध्ये बिनडबीचे प्रकार असतात. जागेवर जायचे, तिथल्या पाटीवरचा किंवा दगडावरचा तपशील बघायचा आणि प्रश्नाचे उत्तर आणायचे. एक प्रकार तर निव्वळ भूगर्भशास्त्राचा आहे. खडक बघा आणि सांगा. आपण याच वाटेने जावे. लपवायचे काहीच नाही, सगळे उजेडात, विचारले तर हातातला कागद दाखवता येतो.

कागद घरीच करा. नकाशाच्या ॲपमध्ये जागेवर बोट दाबून धरले की दोन आकडे दिसतात. सोलापूर शहर साधारण 17.67 उत्तर आणि 75.91 पूर्व. दशांशचिन्हापुढचा पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर, एका मोठ्या पावलाएवढा. फोन मात्र उघड्या आकाशाखालीही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, म्हणजे शेवटचे काम डोळ्यांनीच करायचे. खेळाची खरी गंमत इथे आहे. बाण थांबतो आणि मान वर करावी लागते.

पहिला आकडा चार हुतात्मा पुतळ्यांचा द्या. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. प्रश्न : चौघांत कुर्बान हुसेन यांचा पुतळा कोणता? रोज रिक्षाने तिथून जाणारी मोठी माणसेही इथे अडखळतात. दुसरा आकडा डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकाचा. 1910 मध्ये सोलापुरात जन्मलेला हा माणूस चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता 1942 मध्ये वारला. तिसरा भुईकोट किल्ल्याचा. एका बुरुजाची पायऱ्यांपासून अंतरे पावलांनी मोजून आणायला सांगा. भिंतीवर नाव कोरायचे नाही, दगड हलवायचा नाही, हे निघण्यापूर्वीच बजावा.

मुलींचे काय? मुलगे गाडीला किक मारून कुठेही जातात. मुलीला किल्ला दिसतो तो शाळेच्या सहलीत, तोही एकदाच. म्हणून कागद तिच्या हाती द्यावा. फोन तिच्याकडे, वाट ती दाखवील, भाऊ मागून चालेल. अम्मी, खाला, फुफी सोबत निघाल्या तर लोकांच्या नजराही निवळतात आणि बायकांचेही पाय मोकळे होतात. वेळ फजरनंतरची. उन्हाळ्यात पारा 40 च्या वर गेल्यावर नऊनंतर या शहरात हौस म्हणून कुणी हिंडत नाही, हिंडूही नये.

एखाद्या रविवारी लांबचा कागद करायचा असेल तर पावसाळ्याअखेर नळदुर्ग गाठा. हैदराबाद रस्त्यावर 45 किलोमीटरच्या आसपास. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये बांधलेला पाणीमहाल आहे. बंधारा भरून वाहू लागला की खिडकीसमोरून पाण्याचा पडदा पडतो आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. प्रश्न साधा ठेवा : बांधकाम करणाऱ्याचे नाव सांगणारा फारसी शिलालेख कुठे आहे? घरात कुणाला उर्दू लिपी येत असेल तर एखाद-दुसरा शब्द नक्की लागेल. दुसऱ्या दिशेला, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके 940 चा, म्हणजे 1018 मधला शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक. एका घरातल्या मुलांनी दोन्ही लेख पाहिले तर आपल्या दोन्ही भाषांचे दगड त्यांनी पाहिले म्हणायचे.

कागद लिहिताना क्रम तेवढा सांभाळा. अक्षांश आधी, रेखांश नंतर. सोलापूरचे आकडे उलटे टाकले तर नकाशा तुमच्या कुटुंबाला थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बर्फाळ समुद्रात नेऊन सोडतो.