कमरेचा झाडू, मनगटाचं घड्याळ

पेशवाईच्या पुण्यात आपल्या बापजाद्यांच्या कमरेला झाडू बांधला. पाऊल पडलं की पुसायचं. आपल्या काळात नागपूर, चंदीगडच्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटाला जीपीएसचं घड्याळ बांधलं. पाऊल पडलं की नोंदायचं. हद्द सोडली, चहाला टेकला, साहेबाच्या पडद्यावर ठिपका हजर. पगार कापायला पुरावा तयार. मॅनहोलमध्ये विषारी वायू किती साचलाय, हे त्या घड्याळाला कळत नाही. ते कळावं म्हणून ते बनवलंच नाही!

हे कामावरचं झालं. आजाराच्या नावानं काय केलं?

२ एप्रिल २०२० ला आरोग्य सेतू आलं. कोण कुणाजवळ बसलं ते ब्लूटूथनं टिपायचं, कुठं बसलं ते जीपीएसनं. १ मेच्या आदेशानं, ऐन कामगार दिनी, सरकारी-खाजगी सगळ्या नोकरदारांवर त्याची सक्ती केली. १७ मेला सक्तीची भाषा सैल केली. नऊ न्यायाधीशांच्या सुप्रीम कोर्टानं २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं होतं, खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, त्याला हात घालायचा तर आधी कायदा पाहिजे. या ॲपसाठी संसदेनं कायदा केला? नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं विचारलं, हे ॲप बनवलं कोणी? माहिती अधिकाऱ्यांना धड सांगता येईना. आमचा ठावठिकाणा मागणाऱ्यांना स्वतःचाच पत्ता ठाऊक नाही! पुढं २०२३ ला डेटा संरक्षणाचा कायदा केला, तर कलम १७ मध्ये सरकारी यंत्रणांना सूट द्यायची पळवाट ठेवली. चोराच्या हाती किल्ली.

शहाणे विचारतील, मग साथीत काय करायचं? १८९७ चं पुणे बघा. सरकारनं साथरोग कायदा आणला, शिपाई घराघरात घुसवले. त्याच वर्षी सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगचं पोर पाठीवर घेतलं, दवाखान्यात आणलं, आणि १० मार्चला त्याच प्लेगनं गेल्या. साथीला पाठ देता येते, नाहीतर पाळत ठेवता येते. २०२० ला सरकारनं तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर काढला. पाठ कुणी दिली?

आम्हाला दवाखाना पाहिजे, लस पाहिजे. नोंद घ्यायची तर आम्हाला विचारून घ्या, काय लिहिलं ते दाखवा, साथ सरली की पुसा. आणि घड्याळाची एवढीच हौस असेल तर माणूस गटारात उतरवणाऱ्या ठेकेदाराच्या मनगटाला आधी बांधा.

कमरेचा झाडू आपण फेकला. मनगटही आपलंच आहे.