खर्ऱ्याची बंदी आणि खर्ऱ्याची गरज

धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांस इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा ई-सिगारेटचा आधार सुचविते. भारताने २०१९ साली कायद्याने तिची विक्रीच थांबविली. हा वाद शहरांत रंगला. गडचिरोली-चंद्रपूरच्या खेड्यांत मात्र निकोटीन धुरापेक्षा खर्ऱ्यातूनच अधिक भिनते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली, पुढे सुगंधित तंबाखूही त्या कक्षेत आला. तरी पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटला जातोच. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास याचे नवल वाटू नये. बंदीने किंमत चढते. परंतु ज्याच्या मेंदूलाच निकोटीनची गरज जडली, त्याची मागणी तेवढ्याने घटत नाही. तो खर्रा सोडीत नाही, घरातील डाळ कमी करतो. दैवदुर्विलास असा की, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून मिळालेली मजुरी, म्हणजे विडीचाच पैसा, पुन्हा तंबाखूत जिरतो.

गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ने गावसंघटन व उपचार यांची सांगड घातली, हे योग्यच झाले. चघळण्याची सवय असलेल्यास निकोटीनयुक्त गम ई-सिगारेटहून जवळचा उपाय आहे. तंबाखूवर कर घेणाऱ्या शासनाने तो, समुपदेशकासह, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य का देऊ नये?