तहानेआधी विहीर

वाळूज औद्योगिक वसाहतीत ३१ डिसेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर हातमोज्यांच्या कारखान्यास आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार प्राणांस मुकले. कामाची जागा हीच ज्यांची निजण्याची जागा, त्यांच्या सुरक्षेचा प्रश्न केवळ अग्निशमन बंबांनी सुटणारा नाही. एरवी अभ्यासवर्ग, विवाह, आरोग्य तपासणी यांना उपयोगी पडेल आणि संकटसमयी निवारा होईल, असे समाजमंदिर येथे उभे राहिले पाहिजे.

ओडिशाने हा धडा १९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार बळी देऊन गिरविला. त्यानंतर तेथील किनाऱ्यावर उभारलेल्या अनेक निवाऱ्यांत एरवी शाळा भरतात. २०१३च्या ‘फायलिन’ वादळापूर्वी लाखो लोक हलविले गेले आणि मृतांची संख्या काही दशकांपुरती राहिली. रोज वापरात असलेली वास्तूच ऐन वेळी उघडी सापडते. कुलूपबंद इमारत नव्हे.

निधीचा मार्गही उपलब्ध आहे. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार पात्र कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावयाचे असतात. २०१९पासून आपत्ती व्यवस्थापनाचाही त्यात स्पष्ट समावेश आहे. उद्योगांनी बांधकाम, औद्योगिक महामंडळाने भूखंड आणि स्थानिक समाजाने देखभाल, अशी वाटणी व्हावी. किल्लारीचा १९९३चा भूकंप सोसलेल्या मराठवाड्याला तहान लागल्यावर विहीर खणणे परवडणारे नाही.