भुलीची भीती आणि मोडलेला खुबा

शिरूर किंवा दौंडकडील एखाद्या वस्तीवर सत्तरी ओलांडलेली वृद्धा पाय घसरून पडते, खुब्याशी मांडीचे हाड मोडते आणि शस्त्रक्रियेचा विषय निघताच घरातील जाणती माणसे कचरतात. पूर्ण भूल दिली की वृद्धांची स्मृती कायमची जाते, ही समजूत त्यामागे असते. तिला अडाणीपणा म्हणून झटकणे सोपे आहे. पण ते न्याय्य नव्हे. १९५५ साली बेडफर्ड नावाच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हीच शंका मांडली होती. १९९८ मध्ये साठीपुढील १,२१८ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने चौथा हिस्सा रुग्णांची बुद्धी मंदावलेली आढळली. तीन महिन्यांनी हे प्रमाण दहा टक्क्यांवर आले.

परंतु दोष भुलीचाच कशावरून? खुबा मोडलेल्या १,६०० रुग्णांवरील २०२१ च्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत काहींना पूर्ण भूल दिली, काहींना पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन केवळ कमरेखालचा भाग बधिर केला. नंतर भ्रम झालेल्यांचे प्रमाण दोन्हींकडे जवळजवळ सारखेच, सुमारे एक पंचमांश, निघाले. पूर्ण भुलीमुळे पुढे स्मृतिभ्रंशाचा विकार जडतो, हे आजवर सिद्ध झालेले नाही. उलट खुबा मोडून अंथरुणास खिळलेल्या वृद्धास न्यूमोनिया, शय्याव्रण आणि रक्ताच्या गाठी गाठतात, याविषयी मात्र दुमत नाही. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात ते याचसाठी. हे दोन दिवस आपल्याकडे भावकीच्या सल्लामसलतीतच जातात!

खरी काळजी घ्यावयाची ती शस्त्रक्रियेनंतरच्या भ्रमाची. रुग्ण बरळतो, घरच्यांना ओळखत नाही. घरचे म्हणतात, ‘वात झाला’. बहुधा काही दिवसांत हे ओसरते, पण ज्यांना तो होतो त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश अधिक आढळतो. विसरभोळेपणा आधीपासून असेल तर धोका वाढतो. म्हणून तो लाजेस्तव न लपविता भूलतज्ज्ञास सांगितलाच पाहिजे. उपाय साधे आहेत: चष्मा व श्रवणयंत्र लगेच परत देणे, पुरेसे पाणी, वेदनाशमन, रात्रीची झोप, लवकर उठवून बसविणे आणि उशाशी ओळखीचा चेहरा. यांतील बहुतेकांस पैसा लागत नाही. नातलगांस रात्री वॉर्डाबाहेर काढण्याचा नियम जेथे आहे, तेथे निदान अशा रुग्णाजवळ एका माणसास बसू देण्याची मुभा रुग्णालयांनी लेखी द्यावी.