नगरला आलेले तरुण मिशनरी दिवसभर काय करायचे? आजच्या धर्मांतर कायद्याच्या वादाशी त्याचा काय संबंध?

इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर अलीकडे एक प्रकारचे व्हिडिओ बरेच दिसतात. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी नावाची पट्टी आणि सायकल. जपानच्या एखाद्या शहरात फिरणारे १९-२० वर्षांचे दोन अमेरिकन तरुण 'आमचा दिवस कसा जातो' ते सांगतात. हे तरुण बहुतेकदा लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन पंथाचे असतात. मुलं दोन वर्षं, मुली दीड वर्ष. देश कोणता हे चर्च ठरवतं. सकाळी साडेसहाला उठायचं, अभ्यास करायचा, भाषा शिकायची आणि मग दिवसभर लोकांशी बोलत फिरायचं.

हे बघताना अनेकांना वाटतं की हा प्रकार आपल्याकडे नाही. पण जवळपास दोनशे वर्षांपूर्वी असेच तरुण अमेरिकन अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आले होते. ते पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ येत राहिले. त्या वेळी सावेडी हे शहराबाहेरचं खेडं होतं. आज ते शहराचं मोठं उपनगर आहे. तिथल्या एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धर्मांतराविषयी फॉरवर्ड आला की दोन गट पडतात. एक म्हणतो, 'त्यांनी शाळा आणि दवाखाने काढले.' दुसरा म्हणतो, 'त्याच्या आडून धर्मांतर केलं.' दोन्ही गट ज्या गोष्टीबद्दल बोलतात ती एकच आहे: त्या मिशनऱ्यांचा दिवस. म्हणून तो दिवस कसा होता, ते आधी समजून घेऊ.

हे तरुण नगरला आले कसे?

अमेरिकन बोर्ड ही अमेरिकेतली मिशनरी संस्था १८१० मध्ये स्थापन झाली. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांचं स्वागत केलं नाही, उलट परत जाण्याचा हुकूम काढला. मिशनरी आले तर लोक बिथरतील आणि व्यापाराला त्रास होईल, अशी कंपनीला भीती होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं चार्टर अ‍ॅक्ट मंजूर केला आणि परवाना घेऊन मिशनऱ्यांना येण्याची वाट खुली झाली. थोडक्यात, 'परदेशी मिशनऱ्याला देशात येऊ द्यायचं का?' हा प्रश्न अगदी पहिल्या दिवसापासूनचा आहे.

१८३१ च्या शेवटी अ‍ॅलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हार्वी नगरला आले. त्यांच्यासोबत बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले मराठी ब्राह्मणही होते. रीड तेव्हा तिशीच्या आतले होते. वर्ष उलटायच्या आत हार्वी कॉलऱ्यानं गेले. मुंबईत पहिल्यांदा उतरलेले गॉर्डन हॉलही १८२६ मध्ये नाशिक भागातल्या दौऱ्यात कॉलऱ्यानंच दगावले होते. तरीही नवे तरुण येतच राहिले. हेन्री बॅलंटाइन १८३५ मध्ये आले, सॅम्युएल फेअरबँक १८४६ मध्ये. दोघंही विशीतले. रॉबर्ट ह्यूम १८७४ मध्ये २७ व्या वर्षी नगरला आले. त्यांचा तर जन्मच मुंबईचा, वडीलही मिशनरी.

जपानमधल्या आजच्या तरुणांची मुदत दोन वर्षांची असते. नगरला येणारा माणूस बहुतेक वेळा आयुष्यभरासाठी यायचा.

मग दिवसभर काम काय असायचं?

पहिलं काम मराठी शिकणं. नवा मिशनरी आला की त्याच्यासाठी पंडित ठेवला जायचा. मोडी-बाळबोध लिपी, व्याकरण, बोलणं. भाषा आल्याशिवाय बाजारात उभं राहून उपदेश करण्यात अर्थ नव्हता. या मेहनतीतून मराठीला बरंच काही मिळालं. बॅलंटाइन यांनी मराठीत गीतं रचली. जून १८४२ मध्ये नगरहूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं. त्यात धर्मप्रचार होता, हिंदू रूढींवर टीका होती, तशाच विज्ञान, भूगोल आणि समाजसुधारणा यांवरच्या नोंदीही होत्या.

दुसरं काम शाळा. यात एक नाव वेगळं काढावं लागतं: सिंथिया फरार. त्या १८२७ मध्ये मुंबईत आल्या. अमेरिकन बोर्डानं त्यांना अविवाहित असताना परदेशात पाठवलं होतं. १८३९ मध्ये त्या नगरला आल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. मुलींच्या शाळा चालवणं हे त्यांचं रोजचं काम. पोरी जमवायच्या, त्यांच्या आयांची समजूत घालायची, अर्ध्यात शाळा सोडणाऱ्या मुलीच्या घरी जायचं. जोतीराव फुले यांनी नगरच्या या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण फरारबाईंकडे घेतलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. फुले दांपत्य ख्रिस्ती झालं नाही. शाळा कशी चालवायची, हे मात्र त्यांनी इथून घेतलं.

तिसरं काम दौरा. पावसाळा संपला की बैलगाडीत तंबू आणि पुस्तकं टाकून गावोगाव फिरायचं. चावडीसमोर किंवा देवळाबाहेर बोलायचं, पत्रकं वाटायची, वाद घालायचा. कधी लोक ऐकायचे, कधी हाकलून द्यायचे. पुढे नुसत्या प्रवचनाला गर्दी जमत नाही हे लक्षात आल्यावर कीर्तनाचा प्रकार आला. टाळ-मृदंग आपलाच, आख्यान मात्र येशूचं.

उन्हाळा सोसायचा नाही तेव्हा महाबळेश्वर गाठायचं. मुलं मोठी झाली की शिक्षणासाठी त्यांना दूर पाठवायचं. कोडाईकनालची प्रसिद्ध शाळा १९०१ मध्ये अशाच अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी सुरू झाली.

शिवाय प्रत्येकाचे आपापले उद्योग होते. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला राहणारे फेअरबँक शेती, पक्षी आणि शंख-शिंपल्यांचा अभ्यास करायचे. दक्षिण भारतातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही 'फेअरबँक' आहे. डी. सी. चर्चिल हे अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नगरमध्ये सुधारित हातमाग तयार केला. डॉ. रूथ ह्यूम यांनी त्याच काळात स्त्रियांसाठी दवाखाना उभा केला.

उपदेशाला दिवसातला किती वेळ मिळायचा, याची कल्पना यावरून येते. शिकवणं, औषध देणं, हिशेब ठेवणं आणि अहवाल लिहिणं यातच बराच दिवस जायचा.

इतक्या कष्टांनंतर किती लोक ख्रिस्ती झाले?

सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात काही ब्राह्मणही होते आणि त्यांच्या धर्मांतरानं मोठी खळबळ उडाली. पुढे जे मोठ्या संख्येनं आले ते प्रामुख्यानं खेड्यांतल्या महार आणि मांग समाजातले.

इथेच वादाचा मूळ धागा आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात मिशनऱ्यांनी धान्य आणि काम पुरवलं. त्यानंतर नगर भागातल्या खेड्यांमध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या वाढली. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशननं अनाथ मुलं मोठ्या प्रमाणावर सांभाळली. या मदतकार्यासाठी रॉबर्ट ह्यूम यांना ब्रिटिश सरकारनं कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं.

मग लोक भुकेपोटी ख्रिस्ती झाले का? टीकाकार तेव्हाही हेच म्हणत होते आणि या आरोपात तथ्य नाही असं म्हणता येत नाही. उपाशी माणसाला धान्य देणाऱ्याच्या हातात बायबल असेल तर त्या माणसाचा निर्णय किती मोकळा, हा प्रश्न रास्तच आहे. पण दुसरी बाजूही आहे. ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं आणि ज्याच्या पोराला शाळेत घेत नव्हते, त्याला मिशनच्या शाळेत इतरांच्या शेजारी बसायला मिळत होतं. हे 'आमिष' होतं की हक्क? दुष्काळ सरल्यावरही अनेक कुटुंबं पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती राहिली. ती केवळ धान्यासाठी थांबली होती, असं म्हणणं त्यांच्या विचारशक्तीवर अन्याय करणारं आहे.

टीका आतूनही झाली. कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नगर हे त्यांचं प्रमुख कार्यक्षेत्र राहिलं. पण चर्चची सूत्रं गोऱ्या मिशनऱ्यांच्या हातात आणि भारतीय ख्रिस्ती त्यांचे पगारदार, ही व्यवस्था त्यांना खुपत होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलं तर एका धर्मांतरानं घर कसं उभं-आडवं हलतं, हेही कळतं.

जपानमध्ये काय झालं?

याच अमेरिकन बोर्डानं १८६९ पासून जपानलाही मिशनरी पाठवले. तिथे १६१४ पासून ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी होती. ती १८७३ मध्ये उठली. १८७५ मध्ये क्योटोत जोसेफ नीशिमा यांनी बोर्डाच्या मिशनऱ्यांच्या साथीनं दोशिशा शाळा काढली. ते आज जपानमधलं नावाजलेलं विद्यापीठ आहे. पण जपानमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या आजही साधारण १ टक्का आहे.

महाराष्ट्राचं चित्र फार वेगळं नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यात सुमारे १०.८ लाख ख्रिस्ती होते, म्हणजे १ टक्क्याहून थोडे कमी. दोन्हीकडे धर्म फारसा पसरला नाही, संस्था मात्र टिकल्या. नगरमध्ये क्लेरा ब्रूस मुलींची शाळा आहे, ह्यूम मेमोरियल चर्च आहे. १९४७ मध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केलं. कोविडच्या काळात रुग्णांनी भरलेलं बूथ हॉस्पिटल हे साल्व्हेशन आर्मी या वेगळ्या ख्रिस्ती संघटनेचं. या संस्थांमध्ये शिकलेल्या आणि उपचार घेतलेल्या लोकांत बहुसंख्य ख्रिस्ती नाहीत.

आज असा तरुण नगरला येऊ शकतो का?

जपानमध्ये परदेशी धर्मप्रचारकांसाठी 'धार्मिक कार्य' असा वेगळा निवास परवाना असतो. तो घेऊन हे तरुण उघडपणे प्रचार करतात. भारतातही मिशनरी व्हिसा नावाचा प्रकार आहे, पण त्यावर धर्मांतर घडवता येत नाही. पर्यटक व्हिसावर येऊन प्रचार केला तर तो व्हिसाच्या अटींचा भंग ठरतो. २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांनाही मिशनरी किंवा तबलिगी कामासाठी खास परवानगी लागते.

ही कडक भूमिका हळूहळू घडली. मध्य प्रदेश सरकारनं नेमलेल्या नियोगी समितीनं १९५६ मध्ये परदेशी मिशनऱ्यांच्या कामावर कठोर अहवाल दिला. मग ओडिशात १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशात १९६८ मध्ये धर्मांतरविरोधी कायदे झाले. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. जबरदस्ती, फसवणूक आणि प्रलोभन यांवर बंदी घालणारे कायदे न्यायालयानं वैध ठरवले.

खरा पेच कुठे आहे?

'प्रलोभन' या शब्दात. जबरदस्ती ओळखता येते, फसवणूकही सिद्ध करता येते. प्रलोभनाचं तसं नाही. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू, पैसा, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेत मोफत शिक्षण आणि अधिक चांगलं जीवनमान यांचाही समावेश आहे.

आता ही व्याख्या फरारबाईंच्या दिवसाला लावून पाहा. मोफत शाळा, ती धार्मिक संस्थेची आणि शिकवणारी मिशनरी. शाळेतली एखादी मुलगी पुढे ख्रिस्ती झाली असती तर त्या शाळेलाच प्रलोभन म्हणता आलं असतं. त्याच शाळेकडे पाहून फुल्यांनी आपली शाळा काढली, तेव्हा मात्र ते प्रलोभन नव्हतं. कृती एकच, तिचा अर्थ समोरच्या माणसानं पुढे काय ठरवलं यावर अवलंबून.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सक्तीच्या धर्मांतराबाबत कायदेशीर उपाय सुचवण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या विषयावर कायदा करताना मुख्य प्रश्न हाच असतो की, व्याख्या किती नेमकी. 'बाप्तिस्मा घेतलास तरच धान्य मिळेल' अशी अट घालणं वेगळं आणि सर्वांना सारखं धान्य देऊन आपला धर्मही सांगणं वेगळं. पहिल्यात गरजू माणसाची अडवणूक आहे आणि कायद्यानं त्याला संरक्षण द्यायलाच हवं. दुसऱ्याला गुन्हा ठरवलं तर दवाखाना चालवणारी कुठल्याही धर्माची संस्था अडचणीत येऊ शकते.

आणखी एक मुद्दा या चर्चेत बहुतेकदा सुटतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना मिळायचा. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो मिळत नाही. म्हणजे आज ख्रिस्ती होणाऱ्या दलित माणसाच्या हातातून आरक्षण जातं. केंद्रानं २०२२ मध्ये या प्रश्नावर न्या. के. जी. बालकृष्णन आयोग नेमला. फायद्यासाठी धर्म बदलतात, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा तोटाही मोजायला हवा.

पुढचा फॉरवर्ड आला तर काय पाहाल?

तीन गोष्टी. मदतीला अट होती का? धर्म बदलणारा माणूस स्वतः काय म्हणतो? आणि ज्यांनी त्याच संस्थेची मदत घेतली पण धर्म बदलला नाही, त्यांना पुढेही तशीच मदत मिळाली का? या तिन्हींची उत्तरं व्हिडिओत नसतील तर 'सेवा' आणि 'धर्मांतराचा डाव' हे दोन्ही निष्कर्ष घाईचे ठरतात. नगरच्या मिशनच्या इतिहासात या प्रश्नांची दोन्ही प्रकारची उत्तरं सापडतात. म्हणूनच सावेडीतल्या त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन्ही बाजूंना आपापली उदाहरणं मिळत राहतात.