सुटीचा हक्क आणि राहत्या घराचा हक्क

स्पेनमधील बार्सिलोना या बंदराच्या शहरात पर्यटकांना अल्प मुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या १०,१०१ सदनिकांच्या परवान्यांचे नूतनीकरण यापुढे करावयाचे नाही आणि नोव्हेंबर २०२८ पर्यंत हा व्यवहार संपुष्टात आणावयाचा, असा निर्णय तेथील महापौर जाउमे कोलबोनी यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केला. कोलबोनी हे कॅटलोनियाच्या समाजवादी पक्षाचे आहेत. ज्या प्रादेशिक कायद्याच्या आधारे हा निर्णय घेण्यात आला, त्याला दिलेले आव्हान स्पेनच्या घटना न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये फेटाळले.

हजारो मैलांवरील एका शहराच्या या निर्णयाची दखल आम्ही येथे घेत आहोत, ती केवळ तो एका समाजवादी महापौराचा आहे म्हणून नव्हे. या वादात दोन्ही बाजूंना सामान्य माणसे उभी आहेत. वर्षाकाठी चार दिवस मुलाबाळांसह समुद्र पाहावा, त्यासाठी बोनसच्या पैशात बसेल अशी जागा मिळावी, असे म्हणणारा कामगार एका बाजूला आहे. ज्या घरात आपण वर्षानुवर्षे भाडे भरून राहिलो, ते घर पाहुण्यांसाठी रिकामे करा असे ज्याला सांगण्यात येते, तो भाडेकरू दुसऱ्या बाजूला आहे. या दोघांपैकी आपण कोणाचे, हा प्रश्न डाव्या चळवळीला टाळता येणार नाही. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर तो आज आपल्याही दाराशी येऊन उभा आहे.

प्रथम पहिल्या माणसाची बाजू घेऊ. पर्यटन म्हणजे सुखवस्तूंची चैन, असे मानून तिच्याकडे पाठ फिरवण्याची सवय आपल्यातील काहींना आहे. ही सवय आपल्याच इतिहासाला धरून नाही. भरपगारी सुटी ही कामगार चळवळीने लढून मिळवलेली गोष्ट आहे. फ्रान्समध्ये मे-जून १९३६ च्या प्रचंड संपानंतर लेओं ब्लुम यांच्या लोकआघाडी सरकारने दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा केला. क्रीडा आणि विरंगुळ्याचे खाते सांभाळणाऱ्या लेओ लाग्रांज यांनी कामगारांसाठी रेल्वेचे तिकीट ४० टक्के सवलतीने उपलब्ध करून दिले. त्या उन्हाळ्यात लाखो श्रमिक प्रवासाला निघाले आणि त्यांतील कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र पाहिला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील चोविसाव्या कलमाने विश्रांती आणि ठराविक काळाने मिळणारी भरपगारी सुटी हा मनुष्यमात्राचा हक्क म्हणून नमूद केला. हा हक्क उपभोगण्यासाठी जागा शोधणाऱ्या माणसाला चैनखोर म्हणणे समाजवाद्याला शोभत नाही.

आपल्या देशात या हक्काचे काय झाले? १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २०२० च्या संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. परंतु शेतमजूर, घरकामगार, फेरीवाले, नाक्यावर उभे राहणारे बांधकाम मजूर या अफाट असंघटित वर्गाला भरपगारी रजा हा शब्दच परका आहे. मुंबईच्या गिरणगावातील चाकरमान्याची सुटी म्हणजे शिमग्याला आणि गणपतीला गावी जाणे. समुद्र त्याच्या घरामागेच होता आणि मुक्कामाचे भाडे त्याला कधी मोजावे लागले नाही. भंडाऱ्याच्या विडी कामगाराला किंवा सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराला मात्र कोकणात कोणाचे घर असणार?

प्रवासाच्या बाबतीत आपण काही पल्ला गाठला, हे नमूद केले पाहिजे. राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळीवर गादी आली. पुढे दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्या प्रयत्नांतून कोकण रेल्वे उभी राहिली आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग वाहतुकीला खुला झाला. आज सामान्य डब्यातून पनवेलहून मडगावला जाणे गरिबालाही परवडते. परंतु स्टेशनाबाहेर पाऊल टाकल्यावर पाठ टेकण्यासाठी जागा कोठे, या प्रश्नाचे उत्तर आपण बाजारावर सोडून दिले. केंद्र सरकारी नोकराला मिळणाऱ्या रजा-प्रवास सवलतीतदेखील गाडीभाड्याची भरपाई आहे, मुक्कामाची नाही. गाडीभाड्यापेक्षा मुक्कामाचा खर्च कितीतरी अधिक, हे कुटुंबासह फिरलेला प्रत्येक माणूस जाणतो.

या बाजाराचे व्यवहार नीट पाहिले पाहिजेत. हॉटेलची खोली दोन माणसांच्या हिशेबाने आखलेली असते. आईवडील, दोन मुले आणि आजी असे पाच जणांचे कुटुंब आले की दोन खोल्या किंवा जादा गाद्यांचा आकार आणि वर तीन वेळचे बाहेरचे जेवण. म्हणून अशा कुटुंबाला स्वयंपाकघर असलेली सदनिका सोयीची वाटते आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. परंतु मुलांच्या शाळांना सुटी दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात. कामगाराची रजाही बहुधा त्याच दिवसांत. म्हणजे ज्याला वेळ निवडण्याचे स्वातंत्र्य नाही, त्यालाच सर्वांत चढा दर पडतो, आणि मनास येईल तेव्हा निघू शकणाऱ्याला तीच जागा अर्ध्या दरात मिळते. मोबाइलच्या पडद्यावर प्रथम दिसणारा दर वेगळा; त्यावर सफाईचा आकार, मध्यस्थ कंपनीचा आकार आणि कर चढत चढत अखेरची रक्कम भलतीच होते. शासनही यात मागे नाही. दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांना जी.एस.टी.मधून असलेली माफी १८ जुलै २०२२ पासून काढून घेण्यात आली आणि त्यांवर १२ टक्के कर बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये हा दर ५ टक्क्यांवर आला खरा. पण ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीलाही तोच दर आहे. नऊशे रुपयांत रात्र काढणारा आणि सात हजारांत काढणारा यांना एका तागडीत तोलणारी ही समता अजब म्हटली पाहिजे.

आता दुसऱ्या माणसाकडे वळू. बार्सिलोनेता ही बार्सिलोनाच्या बंदराशेजारी अठराव्या शतकात वसविलेली कोळ्यांची आणि खलाशांची वस्ती. तेथील पुष्कळ घरे तीस-पस्तीस चौरस मीटरची, म्हणजे आपल्या चाळीतल्या दोन खोल्यांएवढी. समुद्रापासून पाच मिनिटांच्या अंतरावर असल्यामुळे याच घरांवर अल्प मुदतीच्या भाड्याचा डोळा गेला. हंगामातील दहा-बारा रात्रींत भाडेकरूच्या महिनाभराच्या भाड्याएवढी प्राप्ती होऊ लागली, तर मालकाने भाडेकरू का ठेवावा? ऑगस्ट २०१४ मध्ये या वस्तीतील रहिवासी रस्त्यावर उतरले. घरातून हुसकावल्या जाणाऱ्या कुटुंबांच्या चळवळीतून पुढे आलेल्या आदा कोलाव २०१५ मध्ये महापौर झाल्या. त्यांच्या नगरपालिकेने परवान्यांना मर्यादा घातल्या आणि विनापरवाना घरांची जाहिरात करणाऱ्या बड्या मध्यस्थ कंपन्यांना सहा-सहा लाख युरोंचा दंड केला. तरीही भाडेवाढ थांबली नाही. कोलबोनी यांनी दिलेल्या आकड्यांनुसार, त्यांच्या निर्णयापूर्वीच्या दहा वर्षांत शहरातील घरभाडी ६८ टक्क्यांनी आणि घरांच्या किमती ३८ टक्क्यांनी वाढल्या. या वाढीला एकटा पर्यटक जबाबदार आहे, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या शहरात राहत्या घरांची टंचाई आहे, तेथे दहा हजार घरे रहिवाशांच्या वापरातून निघून जाणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

म्हणून बार्सिलोनाच्या निर्णयाची दिशा आम्हाला योग्य वाटते. परंतु तो निर्णय पुरेसा आहे, असे आम्ही मानत नाही. केवळ बंदी घातली आणि दुसरी कोणतीही सोय केली नाही, तर हॉटेलमालकांचा एक स्पर्धक नाहीसा होईल, दर चढतील आणि समुद्रकिनारा पुन्हा श्रीमंतांच्या मालकीचा होईल. रहिवाशाचे घर वाचवताना कामगाराची सुटी बुडणार असेल, तर तो अर्धाच न्याय झाला. सत्य असे आहे की या दोघांमध्ये मूळचे वैर नाही. बोनसच्या पैशात घर शोधणारा पाहुणा आणि घर गमावणारा भाडेकरू हे एकाच वर्गातील आहेत. दोघांच्या गरजेतून कमाई करणारा तिसरा पक्ष मात्र या भांडणात कोठेच दिसत नाही.

गोव्यात हेच चित्र वेगळ्या रंगात दिसते. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या सुमारे साडेचौदा लाख होती आणि घरांपैकी सुमारे एक पंचमांश घरे रिकामी आढळली. यांत परदेशी गेलेल्यांची वडिलार्जित घरे आहेत, वाटणीच्या दाव्यांत अडकलेली आहेत आणि मुंबई-दिल्लीच्या धनिकांनी घेऊन ठेवलेली दुसरी-तिसरी घरेही आहेत. एकीकडे ही रिकामी घरे आणि दुसरीकडे उत्तर गोव्याच्या किनारपट्टीवर अकरा महिन्यांच्या करारावर जगणारा भाडेकरू. पावसाळ्यापुरती खोली मिळते आणि हंगाम आला की ती सोडण्याचा तगादा सुरू होतो. १९७५ च्या कायद्याने मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिले. आजच्या या भाडेकरूला तसे कवच नाही. हॉटेलांत चादरी बदलणारा, भांडी घासणारा, खोल्या झाडणारा कामगार तर याहून लांब ढकलला गेला आहे. ज्या किनाऱ्यावर तो इतरांची सुटी सुखाची करतो, तेथे त्याला रात्रीपुरता आसरा मिळत नाही.

यातून वाट कोठे आहे? महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ‘न्याहरी-निवास’ योजनेत तिचा एक धागा सापडतो. मालवणचे एखादे कुटुंब आपल्या राहत्या घरातील दोन खोल्या पाहुण्यांना देते, त्यांना भाकरी आणि माशाची आमटी करून घालते, आणि त्या पैशातून मुलांचे शिक्षण करते. येथे घर घरच राहते. उलट चार पैसे मिळाल्याने ते कुटुंब गावात टिकते. याच्या शेजारी असलेली, कोणीच राहत नसलेली आणि दूरच्या मालकासाठी नेमलेल्या माणसाने चालवलेली दहा सदनिकांची इमारत हा हॉटेलचा धंदा आहे. या दोहोंना एकच नियम लावणे चुकीचे आहे. पहिल्याला सुलभ नोंदणी आणि करमाफी द्यावी. दुसऱ्यावर व्यापारी दराने कर लावावा आणि वॉर्डात किंवा गावात अशा घरांची कमाल संख्या ठरविण्याचा अधिकार नगरपालिकेला व ग्रामसभेला द्यावा. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. मध्यस्थ कंपनीने नोंदणी क्रमांकाशिवाय एकही घर दाखवू नये आणि सर्व आकारांसह अखेरची रक्कम पहिल्याच ठिकाणी सांगावी, एवढे बंधन घालणे अवघड नाही.

दुसरी वाट सार्वजनिक निवासस्थानांची. गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, त्या गरिबाला उघड्यावर झोपावे लागू नये म्हणून. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधावी लागली, ती अस्पृश्यांना इतरत्र थारा नव्हता म्हणून. आडनाव आणि धर्म पाहून खोली नाकारण्याची रीत आजही संपलेली नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या पर्यटन महामंडळाची आणि मिरामार, कळंगुट, कोलवा येथे निवासस्थाने चालविणाऱ्या गोवा महामंडळाची जबाबदारी त्या परंपरेचीच आहे. मोक्याच्या सरकारी जागा खाजगी भागीदारांच्या हवाली करण्याऐवजी तेथे काही खोल्या बाराही महिने एकाच माफक दराने श्रमिक कुटुंबांसाठी राखून ठेवाव्यात. फ्रान्सने १९८२ मध्ये सुटीसाठीचे विशेष धनादेश सुरू केले. त्यात कामगार थोडे साठवतो आणि मालक भर घालतो. बांधकाम मजुरांच्या व घरकामगारांच्या कल्याण मंडळांमार्फत अशी योजना आपल्याकडेही आखता येईल. एक हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांची करमाफी पूर्ववत करावी, ही मागणी तर आजच लावून धरली पाहिजे.

यांतील सर्वच गोष्टींसाठी सत्तेची वाट पाहण्याचे कारण नाही. बँका, विमा आणि सरकारी नोकरांच्या अनेक संघटनांची स्वतःची विश्रामगृहे आहेत. आठवड्याच्या मधल्या दिवसांत आणि हंगाम सरल्यावर त्यांतल्या खोल्या रिकाम्या पडून असतात. संघटित कामगारांनी त्या असंघटित बांधवांसाठी खुल्या केल्या, तर एकजुटीची घोषणा प्रत्यक्ष व्यवहारात उतरेल. किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांनी आपापल्या वॉर्डातील घरांची गणती करावी: कोणत्या घरात कुटुंब राहते, कोणते केवळ पाहुण्यांसाठी चालते आणि गेल्या पाच वर्षांत कोणकोणत्या भाडेकरूंना बाहेर पडावे लागले. ही यादी हाती असेल, तर नगरपालिकेत आणि ग्रामसभेत मागणी करताना आपण मोघम बोलणार नाही. मुंबई, पुणे आणि सोलापूर येथील संघटनांनी येत्या उन्हाळ्यापूर्वी आपल्या विश्रामगृहांतील मोकळ्या दिवसांची यादी जाहीर करावी. निम्मे काम तेवढ्याने सुरू होईल.